संचारबंदीत एआरटीच्या गोळ्या एक दिवसाआड घेऊन पुरवल्या तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरात दंगल उसळली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद. भावाकडे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधाच्या, ९ गोळ्या उरल्यात आणि त्या जिथे मिळतात ते केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. एक दिवसाआड घेतल्या तर १८ दिवस निघतील का?

नाही, असं करू नका. ९ गोळ्या म्हणजे ९ दिवस, रोज एक, नेहमीच्या वेळी. पुढची बाटली या ९ दिवसांत मिळवायची, आणि त्यासाठीची धडपड नवव्या दिवशी नाही, आजच सुरू करायची.

कारण सांगतो. भावाच्या बाटलीवर बहुधा टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीची, तीन नावं असतील: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्यूटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. यातलं डोल्यूटेग्रॅव्हिर रक्तात साधारण १४ तासांनी निम्मं होतं. २४ तासांनी पुढची गोळी पोटात जाते तोवर पातळी पुरेशी असते, पण ४८ तासांनी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. औषध पूर्ण बंद असताना विषाणू वाढतो, पण त्याच्यावर औषधाचा दाब नसतो. अर्धवट औषधात मात्र जे विषाणू बदललेले असतात तेच तगतात आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. गोळ्या पुरवून घेण्यात काटकसर दिसते, प्रत्यक्षात औषधच निकामी व्हायचा धोका असतो. अर्धी गोळी तोडून घेणं हा त्याचाच दुसरा प्रकार.

तरीही गोळ्या संपल्याच, तर तिन्ही औषधं एकदम थांबतात आणि टीएलडीत ते त्यातल्या त्यात बरं. विषाणू सहसा २ ते ४ आठवड्यांत पुन्हा रक्तात दिसू लागतो, म्हणजे दोन-चार दिवसांच्या खंडाने आभाळ कोसळत नाही. बाटली हाती आली की त्याच दिवशी पूर्ण मात्रेने सुरू करा. चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. मध्ये खंड पडला असेल तर कंडोम वापरा, ‘विषाणू सापडत नाही’ हा जुना रिपोर्ट आता धरू नका. केंद्रावर किती दिवस चुकले ते खरं सांगा, म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी) कधी करायचा ते ठरवता येईल.

अपवाद दोन. भावाला हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्यालाही दाबून ठेवत असतात. ती अचानक थांबली तर यकृताला जोरदार सूज येऊ शकते, म्हणून अशा रुग्णाची बाटली सगळ्यात आधी. दुसरा अपवाद टीबीचा. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असेल तर १२ तासांनी डोल्यूटेग्रॅव्हिर ५० ची आणखी एक सुटी गोळी असते. तिचाही हिशेब वेगळा ठेवा, आणि टीएलडी संपली म्हणून ती सुटी गोळी एकटी घेत बसू नका. औषध एकटं असलं की विषाणू त्याला लवकर दाद देईनासा होतो.

अशी वेळ आधी इतरांवरही आली आहे. केनियात २७ डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला. हजारावर माणसं मेली, काही लाख विस्थापित झाली, आणि २८ फेब्रुवारी २००८ ला समझोता झाला. तिथल्या रिफ्ट व्हॅली भागात रस्त्यारस्त्यावर टोळ्यांची नाकी होती, जमात विचारून माणसं अडवली जात. दवाखाना उघडा असूनही रुग्ण पोचत नव्हते, काही कर्मचारीसुद्धा. तेव्हा तिथे नेव्हिरापिन हे एचआयव्हीचं जुनं औषध असलेली गोळी सर्रास चालायची. ते रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे सगळं एकदम थांबलं की शेवटी ते एकटंच उरतं. शिवाय आठवड्याहून जास्त खंड पडला तर पहिले १४ दिवस दिवसातून एकदाच, म्हणजे निम्म्या मात्रेने, नव्याने सुरुवात करावी लागे. त्या मानाने तुमच्या भावाची गोळी बरीच सोशिक आहे. पण तिथला तेव्हाचा प्रश्न आणि तुमचा आजचा प्रश्न एकच: औषध गोदामात असतं, माणूस नाक्यापलीकडे.

आता बाटली कशी मिळवायची. केंद्रात फोन लावा. लागला नाही तर नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) १०९७ या मोफत क्रमांकावर जवळचं दुसरं एआरटी केंद्र किंवा लिंक एआरटी केंद्र, म्हणजे त्याला जोडलेलं छोटं केंद्र, विचारा. आपल्याच केंद्रातून घ्यायला हवं असं नाही, हिरवं पुस्तक (केंद्राने दिलेलं उपचाराच्या नोंदींचं पुस्तक) दाखवून दुसरीकडेही मधल्या काळापुरती सोय होऊ शकते. पुस्तकाच्या पहिल्या पानाचा, शेवटच्या नोंदीचा आणि बाटलीच्या लेबलचा फोटो फोनमध्येच साठवा. नेट बंद असताना ड्राइव्हवरचा फोटो उघडत नाही. वर एका कागदावर तिन्ही नावं, मात्रा आणि रोज किती हे लिहून खिशात ठेवा, फोन हिसकावला जाऊ शकतो.

जमावबंदी आणि संचारबंदी यांत गल्लत करू नका. जमावबंदीत एकट्याने जायला सहसा अडचण नसते. संचारबंदीत शिथिलतेचे तास गाठा, नाहीतर सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी दाखवून पोलिसांकडून परवानगी घ्या. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, ‘रोजचं औषध आहे, खंड चालत नाही’ एवढं पुरतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणाला स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. पण नाक्यावर उभ्या जमावाला कायदा ठाऊक नसतो, म्हणून गोळ्या बॅगेत तळाशी ठेवा. त्या मूळ बाटलीतच राहू द्या आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. कागदाच्या पुडीत बांधलेली गोळी दमट हवेत खराब होते.

दुसऱ्या रुग्णाकडून उसनी घेता येते, पण तिन्ही नावं आणि तिन्ही आकडे तंतोतंत जुळले तरच, आणि त्याच्या गोळ्या संपायच्या आत परत करता येणार असतील तरच. नावाच्या सुरुवातीची अक्षरं सारखी दिसतात म्हणून टीएलई घेऊ नका, त्यात एफाव्हिरेन्झ असतं. खासगी दुकानात चिठ्ठीवर मिळाली तरी हीच तपासणी.

ताणात जळजळ होते आणि लोक घरातलं अँटासिड घेतात. टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी, नाहीतर डोल्यूटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही.

वातावरण निवळलं की भाऊ स्थिर असेल तर केंद्राला ३ महिन्यांच्या गोळ्या एकदम मागा, २०२० च्या टाळेबंदीत ही पद्धत बरीच वापरली गेली. आणि बाटलीत १५ गोळ्या उरल्या की पुढची आणायची, ही तारीख कॅलेंडरवर आधीच टाकून ठेवा.