पवनीची सहल प्रथमच नेताना

नागपूरहून वैनगंगेकाठची एकदिवसीय सहल प्रथमच नेणार असाल, तर उमरेड-भिवापूर मार्गे सकाळीच पवनी गाठा आणि गोसेखुर्द धरण दुपारसाठी ठेवा. ते आधी दाखवले, की त्या 33 दरवाजांपुढे पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाच्या विटा पाहुण्यांना किरकोळ वाटू लागतात, आणि हा त्या स्थळावर अन्यायच होय. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननातून येथील प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला, हे सांगताना घाई करू नका. पवनीत सापडलेल्या, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाच्या स्तंभाचे छायाचित्रही सोबत ठेवा. धरणावर सिंचनाची माहिती थोडक्यात द्या. मात्र पाण्याखाली गेलेल्या गावांचा आणि विस्थापितांचा उल्लेख अवश्य करा. विसर्ग सुरू असल्यास कोणालाही नदीपात्रात उतरू देऊ नका.