आयलाला जातोयस तर

व्हिस्की चाखायला जातोयस, तर पहिल्याच खेपेला स्कॉटलंडभर धावू नकोस. ग्लासगोहून बसने केनाक्रेगला जा, तिथून पोर्ट एलनची फेरी धर (सव्वादोन तास लागतात) आणि तीन दिवस आयला बेटावरच राहा.

पोर्ट एलनपासून लफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग या व्हिस्कीच्या तीन डिस्टिलरींपर्यंत साधारण पाच किलोमीटरांची पायवाट आहे. ती चालतच कर. पिऊन गाडी चालवण्याचा कायदा तिथे 2014पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, आणि चालण्यातच खरी मजा आहे. वाटेत समुद्र असतो, हवेत पीटचा धूर. दलदलीत हजारो वर्षं दबलेल्या वनस्पतींचं हे इंधन. त्याच्या धुरावर मोड आलेलं बार्ली वाळवतात आणि तोच वास थेट ग्लासात उतरतो. पहिला घोट दवाखान्यासारखा लागेल. तोंड फिरवू नकोस, थांब. आपली सोडा-बर्फाची सवय तेवढे दिवस विसर. आधी नुसता वास घे, मग पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा घे. दारू तीच, पण वास बदललेला असतो!

उपाशीपोटी चाखू नकोस. कलन स्किंक, म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दूध यांचं दाट सूप, मला सगळ्यात प्रिय. वजडी आवडत असेल तर हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस आणि ओट्स यांचा पदार्थ, नक्की आवडेल. शाकाहारी हॅगिसही मिळतो.

पबमध्ये कुणी ग्लास उंचावला तर ‘स्लांजे वा’ म्हण, म्हणजे तिथलं ‘चिअर्स’. त्याने तुला पाजली, तर पुढची तू पाज.