नायकाला कळतं, नवऱ्याला का कळत नाही?

"लग्न झालेल्या बाईनं असल्या प्रेमकादंबऱ्या वाचल्या तर काही बिघडतं का हो?" बेळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार येतो, आणि विचारताना बहुतेकींचा आवाज खाली येतो. त्यातल्याच एकीची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माहेर चंदगडकडचं, सासर वडगावात. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, बहुतेकदा सेकंड शिफ्ट. मुलं झोपली की ही मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचायची, सगळ्या एकाच घाटाच्या: दोघं काही कारणानं लोकांसमोर प्रेमाचं नाटक करतात आणि नाटकाचं खरं होऊन बसतं.

"चोरी करूलालोय असं वाटतंय मॅडम. आणि ह्यांच्याकडं बघितलं की नुसती चिडचिड."

वाचन बंद करा, असं मी कुणालाच सांगत नाही. या कादंबऱ्यांची बांधणी ठरलेली असते. आधी अडचण येते, म्हणजे बहिणीचं लग्न किंवा नोकरीतली बढती. मग दोघं समोरासमोर बसून अटी ठरवतात: किती दिवस, लोकांत हात धरायचा का, खरं कुणाला सांगायचं. पुढं एकेक अट मोडते, पाऊण पुस्तक झालं की ताटातूट, आणि शेवट गोड. तो गोडच होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, म्हणून तर दिवसभर राबलेलं डोकं तिथं विसावतं. यात चोरी कसली?

चिडचिडीचं मूळ मात्र शोधायला हवं होतं. दोन-तीन भेटी सासू, पैसे, मुलांची शाळा यांतच गेल्या. मग मी विचारलं, "पुस्तकातलं कुठलं पान परत परत उघडता?"

"जेवणाचं. तिची मावशी सगळ्यांसमोर टोमणा मारते, तर हा लगेच विषय स्वतःच्या अंगावर घेतो. न सांगता कळतं हो त्याला."

"न सांगता? अटी ठरतात ते प्रकरण काढा बघू."

तिनं मोबाइल काढला आणि वाचायला लागली. मध्येच बोट थांबलं. नायिकेनं तिथं स्वच्छ सांगितलं होतं: घरचे मला हसले तर तू हसायचं नाहीस.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी ह्यांना कधी सांगितलंच नाही की."

हिचं कन्नड मोडकं. सासरच्या बारशात, मुंजीत ही चुकली की नवरा नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. इतक्या वर्षांत हीही वरवर हसत आली, त्यामुळे त्याला ती गंमतच वाटायची.

हा धागा तिच्याच आवडत्या पुस्तकातून निघाला, याचं मला आजही समाधान आहे. अशा वाचकांना बहुतेकदा नायक नको असतो, अटी ठरवण्याची ती बैठक हवी असते. आपल्याकडं बघण्याच्या कार्यक्रमात पगार, पत्रिका, मानपान सगळं निघतं. चारचौघांत माझी बाजू घेशील का, एवढंच निघत नाही. पुढं ‘त्याला कळायलाच पाहिजे’ हा हट्ट मनात मुरतो. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी. प्रसंगापेक्षा असा हट्टच माणसाला जास्त जाळतो, हे त्यांचं म्हणणं मी रोज खरं ठरताना बघते.

सांगायचं कसं, यावर आम्ही जास्त वेळ घालवला. रात्री साडेअकराला दमून आलेल्या माणसासमोर विषय काढायचा नाही. सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, मुलं बाहेर असताना काढायचा. एका वेळी एकच गोष्ट, तीही घडलेल्या प्रसंगासकट: "परवा बारशात माझी नक्कल केलीत, मला लागलं. परत करू नका." ‘तुम्ही नेहमीच असं’ म्हटलं की समोरचा बचाव सुरू करतो आणि मूळ मुद्दा राहतो. कादंबरीतला तो कसा वागतो, हे तर चुकूनही काढायचं नाही. आणि आपली अट सांगितली की त्याची विचारायची.

"आज हे काय नवीन काढूलालीस?" असं म्हणून नवरा आधी हसला. मग त्यानंही एक अट घातली: घरात पाऊल टाकल्याटाकल्या फीचा विषय नको, दहा मिनिटं शांत बसू दे. पुढच्या कार्यक्रमात नक्कल झाली नाही. एकदा अर्धी झाली, तेव्हा हिनं नुसतं बघितलं.

राहिली झोप. या पुस्तकांत प्रकरणं लहान, एक तिच्या तोंडून, एक त्याच्या, आणि प्रत्येकाच्या शेवटी गाठ मारलेली. म्हणून प्रकरण संपवून थांबू म्हटलं की थांबता येत नाही. मध्यावरच बंद करावं. ताटातुटीपासून पुढचा भाग तर रात्री उघडूच नये, दुपारसाठी ठेवावा. वाचनापायी रोज झोप मोडते, पैसे लपवून खर्च होतात किंवा मुलांची हाक नकोशी होते, तेव्हा काळजी करावी. नुसतं किती पुस्तकं वाचली यावरून काही ठरत नाही.

नायकाचा मत्सर, तिच्या वतीनं परस्पर निर्णय घेणं, हे वाचायला रंगतं; घरात मात्र ते प्रेम समजू नये. आणि नवरा हात उगारत असेल, फोन तपासत असेल, तर अटींची बैठक हा उपाय नव्हे. तिथं १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मन बुडत चाललं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.