बाईकला यूएसबी चार्जर बसवायचाय, वायर हेडलाइटला जोडू की डायरेक्ट बॅटरीला? गाडी पेट घेणार नाही ना?

दादा, दोघांचंही ऐकू नका, म्हणजे ते जसं सांगतायत तसं तरी नको. तुम्ही लिहिलंय की खानापूरहून रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येता, गाडी सव्वाशे सीसीची, अजून वॉरंटीत आहे, आणि सुट्टीला चोर्ला घाटातनं गोव्याला उतरताना मॅप लावला की मोबाईल अर्ध्या वाटेत बंद पडतो. मेकॅनिक म्हणतोय हेडलाइटच्या वायरला जोडून दहा मिनिटांत देतो, दोस्त म्हणतोय डायरेक्ट बॅटरीला जोड. मी बेळगावात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, दिवसभर हेच वायरिंग हातात असतंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेट घेण्याची तुमची भीती खोटी नाही, फक्त ती जिथं आहे तिथं कुणी बघत नाही.

चार्जर कुठल्या कंपनीचा घ्यायचा ह्यावर लोक तासभर घालवतात. खरा धोका बॅटरीच्या प्लसपासून चार्जरपर्यंत जी दीड-दोन मीटर वायर जाते तिच्यात आहे. बाईकची बॅटरी दिसायला छोटी, पण स्टार्टर फिरवायची ताकद तिच्यात असते, आणि ती वायर कुठं बॉडीला टेकली तर ती सगळी ताकद त्या बारीक तारेतनं जाते. आणि वायर जाते कुठनं, तर पेट्रोलच्या टाकीखालनं.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली होती, तक्रार एवढीच की चार्जर बंद पडलाय आणि जळका वास येतोय. टाकी उचलली तर चार्जरची वायर टाकीच्या पुढच्या रबराजवळच्या पत्र्याच्या कडेवरनं ताणून नेलेली, हँडल वळेल तशी घासत होती. नखाएवढं इन्सुलेशन निघालेलं, आतलं तांबं काळं पडलेलं, शेजारच्या मूळ वायरिंगची टेप वितळून त्याला चिकटलेली. वायर जळून मधेच तुटली म्हणून ते तिथंच थांबलं. सुरुवातीला तीन अँपिअरचा फ्यूज असता तर फ्यूज उडाला असता, मोबाईल चार्ज व्हायचा थांबला असता आणि ह्यापलीकडं काहीच झालं नसतं.

फ्यूज चार्जर वाचवायला नसतोय, वायर वाचवायला असतोय. हे एकदा डोक्यात बसलं की तो कुठं लावायचा ते आपोआप कळतंय, जिथनं करंट उचलला तिथनं वीतभर अंतराच्या आत. ऑनलाइन किट येतात त्यात बऱ्याच वेळा फ्यूज होल्डर चार्जरच्या टोकाला, हँडलजवळ असतो, मग मधली सगळी वायर उघड्यावरच राहिली की. तो कापून बॅटरीकडच्या टोकाला घ्या.

किती अँपिअरचा फ्यूज, त्याचा हिशोब सोपा आहे. साधा चार्जर ५ व्होल्ट २.१ अँपिअर देतो म्हणजे साधारण साडेदहा वॅट, थोडं गरम होण्यात जातं ते धरून बॅटरीकडनं जेमतेम १ अँपिअर ओढतो. फास्ट चार्जिंगवाला १८ वॅटचा असेल तर पावणेदोनच्या आसपास, तसले दोन पोर्ट एकदम चालले तर साडेतीनच्या आसपास. म्हणजे एका पोर्टला ३ अँपिअरचा फ्यूज, दोन फास्ट पोर्टना ५ चा. ब्लेड फ्यूजमध्ये ३ चा जांभळा असतो, ५ चा फिकट बिस्किटी, १० चा लाल, १५ चा निळा, नुसत्या रंगावरनंही ओळखता येतो. आणि हे कळकळीनं सांगतो, फ्यूज उडाला तर त्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीच घालू नका, कुठं घासतंय ते आधी शोधा. वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल, गाडीसाठीची घ्या, घरातल्या लाइटसाठी वापरतात ती एका तारेची कडक वायर नको, ती इंजिनच्या थरथरीनं आतल्या आत तुटते.

आता जोडायची कुठं. हेडलाइटला नाही म्हटलं त्याचं कारण असं की बऱ्याच जुन्या कम्यूटर गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही, इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटमधनं येणाऱ्या एसी करंटवर चालतो, रेस केली की उजेड वाढतो ती हीच गाडी. यूएसबी चार्जरला डीसी लागतो, एसी वायरला जोडला की चार्जर कधी चालेल कधी मरेल. तुमची गाडी नवी आहे, १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६, तिचा हेडलाइट बहुतेक डीसी असेल, तरी तिथं जोडायला मला पटत नाही, कारण चोर्ल्यात रात्री धुक्यात तो जोड ढिला झाला आणि लाइटच गेला तर काय करणार. ज्या वायरवर जीव अवलंबून आहे त्या वायरला चार्जर नको. तोच नियम एबीएसच्या आणि इंजेक्शनच्या वायरिंगला, ईसीयूकडं, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरकडं, जाणाऱ्या कुठल्याच वायरला सुई टोचायला पण देऊ नका, सरळ नाही म्हणा.

डायरेक्ट बॅटरीला जोडणं चूक नाही, पण चावी बंद केली तरी चार्जर चालूच राहतो. त्याच्या आतलं सर्किट, निळा लाइट, व्होल्टेज दाखवणारा डिस्प्ले, हे सगळं मोबाईल लावलेला नसतानाही थोडं थोडं खातंय. समजा १० मिलिअँपिअर जरी खाल्लं तर दिवसाला पाव अँपिअर-अवरच्या जवळ गेलं, आणि सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-अवरची असते. गणपतीला गावाकडं जाऊन आठवड्यानं परत आलात की सेल्फ मारणार नाही. मधे स्विच बसवला तर चालतंय, पण स्विच बंद करायचं राहूनच जातंय.

म्हणून चावीबरोबर चालू-बंद होणारी डीसी लाइन शोधायची, आणि सगळ्यात सोयीची मला हॉर्नची वाटते, कारण हॉर्न समोरच असतो, टाकी काढावी लागत नाही. हॉर्नला दोन लग असतात, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या पत्र्याच्या क्लिपा. दोन्ही हातानं ओढून काढा, मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला किंवा रंग नसलेल्या बोल्टला, चावी ऑन करा, हॉर्नचं बटण दाबू नका, आणि लाल प्रोब एकेका लगात घालून बघा. एकात १२ च्या आसपास व्होल्टेज दिसलं आणि चावी बंद केल्यावर शून्य झालं तर तीच आपली वायर. दोन्हीत काहीच नाही आणि बटण दाबल्यावरच येतंय तर तुमच्या गाडीत बटण प्लसच्या बाजूला आहे, मग हॉर्न सोडा आणि मागच्या पार्किंग लाइटच्या वायरकडं जा.

हे मोजूनच करा, रंगावर विश्वास ठेवू नका, इथं भल्याभल्यांचं चुकतंय. काळी वायर म्हणजे अर्थ (मायनसची वायर) असं सगळे धरून चालतात, पण होंडा आणि हिरोच्या गाड्यांत अर्थ हिरवा असतो आणि काळी वायर म्हणजे चावीनंतरचा प्लस. यामाहात परत उलटं, तिथं काळा अर्थ आणि चावीनंतरचा प्लस तपकिरी. होंडावर काम करणाऱ्यानं त्याच सवयीनं यामाहा उघडली की गडबड झालीच म्हणून समजा.

वॉरंटीचं म्हणाल तर मूळ वायर कापायची किंवा सोलायची गरजच नाही. दोन तोंडांचा लग मिळतो, एका तोंडाला हॉर्नची मूळ वायर, दुसऱ्याला आपली, उद्या काढून टाकला तर गाडी होती तशी. तो पत्र्याची सुरी असलेला निळा टॅप मिळतो ना, वायरवर दाबला की आतनं टोचतो, तो आपल्या पावसात बसवू नका, त्या टोचलेल्या जागेतनं पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं होऊन तुटतं. लगापासून वीतभरात ३ चा फ्यूज, मग चार्जर. चार्जरचा मायनस चेसीला कुठंतरी न लावता जमलं तर बॅटरीच्या मायनसला न्या, रंग आणि गंज लागलेल्या बोल्टवरचा अर्थ काही महिन्यांत दगा देतो.

एका साध्या पोर्टला एवढं पुरे, रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागत नाही. दुकानदार प्रत्येकाला रिले घ्या म्हणतात ते मला पटत नाही, जितके जोड जास्त तितक्या बिघडायच्या जागा जास्त. पण दोन फास्ट पोर्ट किंवा पुढं फॉग लाइट लावायचा विचार असेल तर रिले घाला. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस फ्यूजमधनं, ८७ ला चार्जर, ८६ ला हॉर्नवरची चावीची वायर, ८५ ला अर्थ. मग हॉर्नच्या लाइनवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार येतो, तो अगदी किरकोळ, खरा करंट बॅटरीकडनं सरळ येतो आणि चावी बंद केली की सगळं बंद.

कामाला हात लावायच्या आधी बॅटरीवर मीटर लावा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास हवं, चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.५ मधे. रेस दिल्यावर पण १३ च्या वर जात नसेल तर चार्जिंगमध्येच घोळ आहे, तो आधी बघा, नाहीतर उद्या बॅटरी उतरल्याचं खापर चार्जरवर फुटेल. पंधराच्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय.

बॅटरी सोडताना आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी. प्लसचा बोल्ट ढिला करताना पाना चेसीला लागला आणि मायनस जोडलेला असेल तर ठिणगी उडते, आणि टाकी तिथनं लांब नसतेय. फ्यूज सगळ्यात शेवटी घाला.

वायर ओढताना हँडल डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण वळवून बघा, दोन्हीकडं वायर ढिली राहिली पाहिजे. मूळ वायरिंग जिथनं गेलंय तिथनंच न्या, कंपनीनं ती वाट विचार करून काढलेली असते. सायलेन्सर आणि इंजिनच्या हेडपासून लांब. जोडाला लग क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. नुसतं सोल्डर केलं तर सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कडक होते आणि थरथरीनं बरोबर तिथंच तुटते, आणि नुसती काळी टेप गुंडाळली तर उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि पावसाळ्यात ती सुटते.

पावसाचं वेगळं सांगतो, कारण चोर्ल्याच्या वाटेवरच्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि पाकिटावर लिहिलेलं वॉटरप्रूफ ह्यांचा मेळ नाही. आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ते बहुतेक वेळा रबराचं झाकण बंद असताना, केबल लावली की झाकण उघडंच ना. ओल्या पोर्टमध्ये पाच व्होल्ट चालू राहिलं की पिना हिरव्या पडतात, आणि तुमच्या मोबाईलच्या पोर्टचं पण तेच होतं, ते महागात जातं. पाऊस लागला की केबल काढा, झाकण लावा, मोबाईल खिशात. पोर्टचं तोंड आकाशाकडं नको, खाली किंवा बाजूला. गावात प्रेशरनं गाडी धुताना पण झाकण बघा. ज्याला रोजच पावसात मॅप लागतो त्याला मी टँक बॅगेत पॉवर बँक ठेवा म्हणूनच सांगतो, वायरिंगला हातच नको.

अजून एक, मोबाईल हँडलवर लावणार असाल तर कॅमेऱ्याचं बघा. ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोटरसायकलच्या जोरदार थरथरीनं कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं, आणि तसलं स्टॅबिलायझेशन असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या फोनला पण ते लागू होतंच. रबरवाला, थरथर शोषणारा होल्डर घ्या. आणि घाटात रेंज जाते-येते तिथं मोबाईल टॉवर शोधत बसतो म्हणून चार्ज जास्त खातो, गोव्याला जाताना मॅप आधी डाउनलोड करून ठेवा, निम्मी तक्रार तिथंच मिटेल.

सगळं झालं की साइड पॅनल लावायच्या आधी एक टेस्ट करा. चावी बंद, बॅटरीचा मायनस सोडा, मीटर मिलिअँपिअरवर ठेवून मायनसचा बोल्ट आणि ती सोडलेली वायर ह्यांच्या मधे लावा. चार्जरचा फ्यूज काढून एकदा आकडा बघा, फ्यूज घालून एकदा बघा, दोन्ही वेळेला आकडा सारखाच आला पाहिजे. फ्यूज घातल्यावर वाढला तर वायर चावीनंतरच्या लाइनला लागलेली नाही, परत हॉर्नपाशी जाऊन मोजा. मीटर असं मधे असताना चावी ऑन करू नका, सेल्फ तर मारूच नका, मीटरच जाईल.