वेगाचे शब्द शोधताना

शब्दांची मुळं शोधायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नका. आपला ‘जलद’ फारसीतून आला. संस्कृतातला ‘जलद’ म्हणजे ढग, पाणी देणारा. दोघांचं काही नातं नाही. उलट संस्कृत ‘आशु’ आणि ग्रीक ‘ओकुस’ कानाला परके वाटतात, पण आहेत सख्खे, दोन्हींचा अर्थ वेगवान. म्हणून ध्वनिबदलाचे, म्हणजे काळाच्या ओघात शब्दांतले आवाज कसे बदलतात याचे, नियम शिकाच, त्याला पर्याय नाही.

अर्थही फिरतात. इंग्रजी ‘क्विक’ म्हणजे आधी जिवंत. आपल्या ‘जीव’चा भाऊबंद. ‘फास्ट’ तर मुळात घट्ट, पक्का! (किती सुंदर आहे हे!) मराठीसाठी मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवा, त्यात अनेक शब्दांपुढे संस्कृत की फारसी याची खूण सापडते.