थर वाळवंटातल्या वाळूत शेती: आधी खड्डा, मग इसार

डाळिंबाच्या निमित्ताने पश्चिम राजस्थानात जमीन बघायला निघालेले शेतकरी आणि नोकरीसाठी जोधपूर-बिकानेरला राहणारी मराठी कुटुंबं यांचे बरेच प्रश्न साचले होते. बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: वर वाळू दिसली की जमीन कळली. म्हणून काही निवडक उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न: वाळवंटी माती नापीक असते, हे बरोबर का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

नाही. ती भुकेली आणि तहानलेली असते. सेंद्रिय कर्ब बहुधा 0.2 टक्क्यांच्या आत, नत्र कमी, सामू (pH) 8 च्या वर, पण पालाश बऱ्यापैकी. याच मातीत बाजरी, गवार, मूग होतात, आणि देशात मटकी सर्वांत जास्त पिकते तीही राजस्थानातच.

प्रश्न: जैसलमेरकडची वाळू बांधकामाला चालेल का?

काँक्रीटसाठी नाही. वाऱ्याने घासलेले तिचे कण फार बारीक आणि जवळजवळ एकाच मापाचे असतात. भरावासाठी वापरायची असेल तर अभियंत्याला विचारा.

प्रश्न: बाडमेर भागात डाळिंबासाठी जमीन बघितली. एजंट म्हणतो, "तुमच्या काळ्या रानासारखं इथं पाणी तुंबत नाही, क्षार फुटत नाहीत, निचऱ्याची काळजीच नको." माती परीक्षणाचा कागदही दाखवला. आठ दिवसांत इसार मागतो आहे. देऊ का? (शेतकरी, सांगोला)

देऊ नका. आठ दिवसांची घाई जमिनीला नसते, विकणाऱ्याला असते.

तो कागद पुन्हा बघा. नमुना किती खोलीचा? बहुधा वरच्या 15 सेंटीमीटरचा असेल. डाळिंबाच्या मुळांना त्याखाली काय भेटणार, हे त्या कागदावर नाही. थर वाळवंटात अनेक ठिकाणी वाळूखाली चुनखडीचा घट्ट थर असतो, कुठे जिप्समचा, कुठे चिकणमातीचा. तो अर्ध्या मीटरवर लागेल, तीन मीटरवर लागेल किंवा लागणारही नाही. शेजारच्या शेताचा अनुभव याबाबतीत पुरावा धरू नका.

वाळूतून पाणी झपाट्याने खाली जातं, हे खरं. पण घट्ट थराशी ते अडतं. दिलेलं जास्तीचं पाणी त्याच्यावर साठत वर चढतं. पृष्ठभागाच्या जवळ आलं की उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. सांगली-शिरोळची क्षारपड रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना शेवटचं चित्र नवं नाही. फरक एवढाच की तिथे भारी जमीन आधीपासून इशारा देत असते, इथे वरची वाळू शेवटपर्यंत कोरडी आणि निर्धोक दिसते.

ही भीती कल्पनेतली नाही. 1958 साली इंदिरा गांधी कालव्याचं काम सुरू झालं आणि पुढे कोरड्या भागात पाणी पोहोचलं. गहू, कापूस उभे राहिले, ते मोठंच काम झालं. पण हनुमानगड, रावतसर, सुरतगड भागात भूजल वर्षानुवर्षं वर चढत गेलं आणि कित्येक शेतं पाणथळ व खारी झाली. तिथले शेतकरी याला 'सेम' म्हणतात. पहिली काही पिकं उत्तम आली की वेळेवर खणून बघायचं सुचत नाही. पानं करपल्यावर मला फोटो पाठवणाऱ्यांना मी हेच सांगत असतो: तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा जेसीबी लावून निदान तीन मीटर खणा. एकाच जागी नको. टेकडीवर, उतारावर आणि मुख्य म्हणजे दोन टेकड्यांमधल्या सखल भागात खणा. प्रत्येक थराचा वेगळा नमुना घ्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर फसफसलं तर चुनखडी आहे. जिप्सम फसफसत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. अहवाल घेऊन जोधपूरच्या काझरीत (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था) किंवा त्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. विकणारा खड्डा खणू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

प्रश्न: बोअरचं पाणी मचूळ आहे. ठिबकवर डाळिंबाला चालेल का?

काळ्या जमिनीपेक्षा वाळूत थोडं जास्त खारं पाणी खपतं, कारण क्षार धुऊन खाली नेता येतात. अर्थात खाली घट्ट थर नसेल तरच. किती खारं, हे जिभेवर ठरवू नका. क्षारता आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट (पाण्यातल्या सोड्याचं माप), दोन्ही तपासून तज्ज्ञाला दाखवा. ठिबकमध्ये ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात. हलकी सर आली की ते परत मुळांकडे येतात, म्हणून अशा पावसात ठिबक बंद करू नका.

प्रश्न: वाळूची 'सुपीक माती' करणारी पावडर मिळते. निम्मं पाणी वाचतं म्हणे. घ्यावी का?

पाणी शोषणारे जेल असतात आणि रोपाच्या खड्ड्यात काही काळ उपयोगीही पडतात. पण शुद्ध पाण्यात ते जितके फुगतात तितके खाऱ्या पाण्यात फुगत नाहीत. बादलीतलं प्रात्यक्षिक मात्र गोड्या पाण्यात दाखवतात! पूर्ण शेतासाठी खर्च करू नका. कुजलेलं शेणखत आणि तळ्याचा गाळ घाला. तिथल्या उष्णतेत खत लवकर संपतं, म्हणून दरवर्षी घालावं लागेल.

प्रश्न: जोधपूरला क्वार्टरमागे पालक-मेथी लावली. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी देऊनही पिवळी पडते.

भरपूर पाण्यामुळेच. एक मीटर वाळू पिकाला उपयोगी असं जेमतेम 60 ते 80 मिलिमीटर पाणी धरते, खोल काळी माती त्याच्या दुपटीहून जास्त. त्याहून जास्तीचं सगळं पाणी नत्र घेऊन खाली जातं. पाणी थोडं थोडं, विभागून द्या, युरियाही चिमूटभर आणि विभागून. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. खात्री नसेल तर फवारणीआधी पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

प्रश्न: घेतलेल्या शेतात खेजडीची झाडं आहेत. डिस्क नांगर फिरवायला अडचण होते. काढून टाकू का?

अजिबात नको. खेजडी म्हणजे आपली शमी. तिची मुळं खोल जातात, आणि तिच्याखालच्या मातीत सेंद्रिय अंश मोकळ्या रानापेक्षा जास्त असतो. शिवाय तोडायला परवानगी लागते, तहसील कचेरीत विचारा. डिस्क नांगराचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये तो फिरवूच नका. सैल झालेली वाळू उन्हाळी वाऱ्याने उडते आणि त्याबरोबर वरचा थोडाफार कसही जातो. बाजरीची धाटं गुडघ्याएवढी उभी ठेवा आणि पहिल्या चांगल्या पावसानंतरच उथळ नांगरट करा.