वादळाने पडलेली घरे बांधताना गावकऱ्यांनाच गवंडीकाम शिकवावे का?

आपण विचारले आहे की, वादळात पत्रे उडालेली घरे पुन्हा उभारताना गावातल्याच लोकांना काम शिकवत बांधून घ्यावे की ठेकेदाराला द्यावे, आणि शिकायला किती दिवस लागतात. माझ्या मते शिकवतच बांधावे.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला गवंडी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. 52 गावे नव्या जागी वसवली गेली; आमच्यासारख्या कितीतरी गावांत मात्र जिथल्या तिथे दुरुस्ती करायची होती, आणि ती ज्याची त्याने करून घ्यायची होती. त्या दुरुस्तीवर घमेली वाहता वाहता मी थापी धरायला शिकलो. दगडी भिंतीची दोन अंगे सांधणारा आरपार दगड का हवा, हे त्या वेळी संवाद सहायक म्हणून नेमलेल्या गावातल्या बायांनी घरोघरी समजावले होते. म्हणून ‘अडाण्यांना हे काय कळणार’ असे कोणी म्हणाले की मला ते सहन होत नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याने आमच्या वस्तीवरील चौदा घरांचे पत्रे उडाले. माझे थोरले चुलत बंधू ठेकेदारी करतात. शिकाऊ हातांनी दुसऱ्याच्या लेकराबाळांवर छप्पर घालू नये, असे ते भर बैठकीत मला म्हणाले. नऊ घरे त्यांना मिळाली, पाच मला. त्यांनी तीन आठवड्यांत काम संपवले; मला सहा शिकाऊंना घेऊन, ज्यांत दोन बाया होत्या, दोन महिने लागले.

वारा पत्र्याला नुसता दाबत नाही, तो उचलतो, आणि सर्वांत जोराने कडेला व कोपऱ्यात उचलतो. पत्र्यावर दगड ठेवून हे थांबत नाही, उलट तोच दगड खाली येतो. आम्ही भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतला, त्यातून वर काढलेल्या सळया पत्र्याखालच्या आधाराच्या पाइपावर वळवून घट्ट केल्या, जे-हुक (पत्रा पाइपाला आवळणारे वाकडे बोल्ट) पन्हळीच्या उंचवट्यावर वायसर घालून बसवले आणि कडेला ते जवळजवळ घेतले. बंधूंच्या घरांचे पत्रे चांगलेच होते, पण पाइप शेवटच्या विटेच्या थरात नुसते मसाल्याने बसवलेले होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांपैकी तीन छपरे पाइपांसकट उठली. आमच्या पाचांपैकी एकही हलले नाही. बंधूंनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्यांचे कामगार दुसऱ्या दिवशी परगावी जाणार होते, तर माझ्या शिकाऊंपैकी तिघे त्याच छपरांखाली झोपणार होते. हा फरक मी त्यांना आजवर समजावू शकलेलो नाही.

दिवसांचे म्हणाल, तर माझ्या अनुभवात बिगारीकाम केलेला माणूस महिनाभरात ओळंब्यात सरळ भिंत उचलतो. कोपरा साधायला त्याहून बराच वेळ लागतो. पत्रे बांधणे मात्र चार दिवसांत येते. पहिल्या दिवसापासून बिगाऱ्याची पूर्ण मजुरी द्या. शिकवतो म्हणून निम्मी देणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. मजुरी कापली की माणसे दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जातात आणि काम अर्धवट पडते. बायांना फक्त भिंतीवर पाणी मारायला ठेवू नका, त्यांच्याही हातात थापी द्या.

मात्र पावसाळा तोंडावर असेल तर आधी ताडपत्री घाला, शिकवणे नंतर. विजेची जोडणी आणि स्लॅबची सळई जाणत्या माणसाकडेच ठेवावी. आणि घर जुने माळवदाचे, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छपराचे असून दगडी भिंत पोटातून फुगलेली दिसत असेल, तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय कोणत्याही शिकाऊला तिच्याजवळ उभे करू नये.